नासपती सालासकट की सोलून? आणि त्या ‘अँटीऑक्सिडंट’चं खरं काय?

राजेंद्रनगरवाली (इंदूर)

श्रावण आला, ठेल्यांवर नासपती आली. आमच्याकडे दोन प्रकार दिसताहेत. एक पंजाबकडची कडक, ठिपकेवाली, करकरीत आणि जिभेला रवाळ. दुसरी बब्बूगोशा, मऊ, पिवळसर, चावली की रस मनगटापर्यंत. उपासाला दोन्ही चालतात, त्यामुळे घरात रोज येतेय.

वाद सालीवरून आहे. सासूबाई सोलूनच कापतात. साल चरबट लागते आणि वर काय काय फवारलेलं असतं देव जाणे, हे त्यांचं म्हणणं. लेक बायोटेक शिकतेय, ती म्हणते आजी सगळा माल ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकते. (इंदुरात डबे वेगळे ठेवावेच लागतात, त्यामुळे नगर निगमच्या गाडीत रोज सकाळी भरपूर अँटीऑक्सिडंट जात असणार.)

त्यात कॉलनीच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की नासपतीत सफरचंदाहून कितीतरी जास्त अँटीऑक्सिडंट, मग बीपी, सांधे, कॅन्सर, सगळ्यावर रामबाण. घराजवळच्या एका ज्यूसवाल्याने तर ‘एंटीऑक्सीडेंट ज्यूस’ अशी पाटी लावून साध्या रसापेक्षा तीस रुपये जास्त घ्यायला सुरुवात केली आहे. यात खरं किती, जाणकारांनी सांगावं. साल खायची की नाही, एवढं कळलं तरी घरात शांतता होईल.

मालवी_मिरची (इंदूर)

ताई, सालीसकट कापा, वर जीरावन (आपला इंदुरी मसाला) भुरभुरा, लिंबू पिळा, विषय संपला. सासूबाईंना साल दिसणारसुद्धा नाही.

प्रयोगवही (इंदूर)

मिरचीभाऊंचं लिंबू बरोबर आहे, का ते पुढे सांगतो. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालोय आणि नंतर काही वर्षं फळांच्या अर्कांवरच काम केलंय, त्यामुळे जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

अँटीऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ, आणि नासपतीत ते काम मुख्यतः फिनॉलिक नावाच्या वर्गातले पदार्थ करतात. हे फिनॉलिक म्हणजे काही एकच वस्तू नाही. गरात मुख्य असतं क्लोरोजेनिक आम्ल. हेच वांग्यात असतं, बटाट्यात असतं, कॉफीच्या बियांत तर भरपूर. दुसरं आर्ब्युटिन. ही नासपतीची खास ओळख. सफरचंदाची अशीच खूण म्हणजे फ्लोरिड्झिन. नासपतीच्या रसात स्वस्त सफरचंदाचा रस मिसळलाय का हे प्रयोगशाळेत फ्लोरिड्झिन शोधून तपासतात. मग एपिकॅटेचिन आणि त्याच्या साखळ्या, म्हणजे प्रोसायनिडिन. कच्च्या फळाचा तुरटपणा प्रामुख्याने यांचा. आणि सालीत क्वेर्सेटिन, आयसोऱ्हॅम्नेटिन यांची ग्लायकोसाइडं, म्हणजे साखर जोडलेली रूपं. लालसर सालीच्या जाती असतात त्यांत वरून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य.

आता सालीचा मुद्दा. दहा चिनी जातींच्या नासपतींची साल आणि गर वेगवेगळे तपासलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे घटक सालीत गरापेक्षा साधारण ६ ते २० पट निघाले. पण हे वजनामागे, म्हणजे एक ग्रॅम साल विरुद्ध एक ग्रॅम गर. फळात साल असते किती? समजा दहावा हिस्सा. गरात ग्रॅममागे १ धरा. १०० ग्रॅम फळात ९० ग्रॅम गराचे ९०. सालीचे ६ पटीने ६०, २० पटीने २००. म्हणजे सोलल्यावर फळातला ४० टक्के ते जवळजवळ ७० टक्के भाग जातो. लेकीचं म्हणणं निम्म्याहून जास्त बरोबर आहे. पण ‘सगळा माल’ नाही. सोललेली नासपती म्हणजे काही साखरेचं पाणी उरत नाही.

सफरचंदाहून कितीतरी जास्त, हे मात्र सोडून द्या. बहुतेक तक्त्यांत एकूण फिनॉलिकमध्ये सफरचंदच पुढे असतं. जात, हंगाम आणि साल मोजली की नाही यावर आकडे हलतात, पण फॉरवर्डसारखे उलटे होत नाहीत.

बडोदेकर_मीनल (वडोदरा)

प्रयोगवही, माझा एक प्रश्न खूप दिवस मनात आहे. मी नासपतीचा मुरंबा केला, लिंबाचा रस घालून, मंद आचेवर बराच वेळ. पांढऱ्या फोडी हळूहळू गुलाबी झाल्या! रंग घातला नव्हता, केशर नव्हतं. नणंदेला वाटलं भांड्याची कल्हई गेली असेल, पण भांडं स्टीलचं होतं. तसाच ठेवला, कुणाला दिला नाही. फेकायचा का?

प्रयोगवही (इंदूर)

मीनलताई, फेकू नका! तुम्ही नकळत आमच्या प्रयोगशाळेतली एक परीक्षा केलीत. प्रोसायनिडिनच्या साखळ्या आम्लात तापवल्या की तुटतात आणि काही भागातून सायनिडिन तयार होतं. ते लाल-गुलाबी असतं. आम्ही हेच ब्युटेनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून मुद्दाम करतो आणि आलेल्या लाल रंगावरून प्रोसायनिडिन किती ते मोजतो. तुम्ही लिंबू आणि शेगडी वापरलीत, एवढाच फरक. डबाबंद नासपतीच्या कारखान्यांना हा गुलाबीपणा नको असतो, म्हणून डबे तापवले की लगेच थंड करतात. घरी मात्र मुद्दाम हवा असेल तर फळ जरा तुरट घ्यावं, लिंबू घालावं आणि घाई करू नये. बब्बूगोशाची पिकलेली फोड फारशी रंगत नाही.

बडोदेकर_मीनल (वडोदरा)

अय्या! आता नणंदेला हा धागाच पाठवते.

प्रयोगवही (इंदूर)

जरूर. आता लिंबाकडे. नासपती कापली की फोडी तपकिरी पडतात. पेशीत फिनॉलिक पदार्थ एका कप्प्यात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम (पॉलिफिनॉल ऑक्सिडेज) दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरी फिरली की कप्पे फुटतात, हवा लागते, क्लोरोजेनिक आम्लाचे क्विनोन होतात आणि त्यांच्या गुंत्यातून तपकिरी रंग येतो. म्हणजे जे ‘अँटीऑक्सिडंट’ म्हणून पाटीवर लिहितात, तेच तुमच्या डोळ्यांसमोर संपत असतं. लिंबातलं क जीवनसत्त्व क्विनोनला परत मूळ रूपात आणतं, आणि आंबटपणाने एन्झाइम मंदावतं. मिठाच्या पाण्यानेही एन्झाइमला अडथळा येतो. वांगं चिरून पाण्यात टाकायची आपली पद्धत याच कुळातली, तिथे पाणी हवा अडवतं.

आणि आजीची लोखंडी विळी असेल तर? तिने कापलेल्या फोडीच्या कडेला काळसर-निळसर रेघ येते. तो लोखंड आणि फिनॉलिकचा संयोग. बटाटा उकडल्यावर कधी कधी टोकाला काळपट होतो त्याच्यामागेही लोह आणि क्लोरोजेनिक आम्लच असतं. घाबरायचं कारण नाही, दिसायला तेवढं वाईट.

राजेंद्रनगरवाली (इंदूर)

अहो, ही विळी आमच्याकडे आहे! सासूबाईंनी इतकी वर्षं स्टेनलेसचा सुरा आणायला सांगितला तेव्हा त्याच म्हणत होत्या, ‘फळ काळं पडतं.’ बरं, पण ज्यूसची पाटी?

चोईथराम_आडत (इंदूर)

नमस्कार. आमचा चोईथराम मंडीत फळांचा आडतीचा धंदा आहे, वडिलांपासून. थोडं मालाबद्दल सांगतो, कारण ज्यूसवाल्यांना कोणता माल जातो ते आम्हाला माहीत असतं.

पंजाबचा कडक माल पेटीत ठोकून येतो, टिकतो, म्हणून घरगुती गिऱ्हाइकाला तो. बब्बूगोशा नाजूक, एक मऊ झाला की पेटी बसते. दाबलेला, डाग पडलेला, अति पिकलेला माल आम्ही वेगळा काढतो आणि ज्यूसवाले तोच घेतात. यात लबाडी नाही, रसाला तोच बरा लागतो, गोड असतो. पण ज्याला ‘विशेष’ म्हणून तीस रुपये जास्त द्यायचे तो विशेष माल नसतो, एवढं समजून घ्या.

बब्बूगोशा घेताना बुड दाबून बघू नका. मध्यभागातून बाहेर पिकते ती, बाहेरून मऊ लागेपर्यंत आतून गेलेली असते. देठाजवळची मान हलकेच दाबा. तिथे थोडी दबली की खायला काढा. कडक आली तर आंब्यासारखी अढी घालायची, कागदाच्या पिशवीत एक केळं सोबत ठेवलं तरी होतं. ठिपकेवाली मात्र कडकच खायची असते, ती मऊ व्हायची वाट बघू नका.

प्रयोगवही (इंदूर)

धन्यवाद भाऊ, हे आम्हाला प्रयोगशाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

रवाळपणाबद्दल एक वाक्य: तो रवा म्हणजे दगडपेशी. त्यांच्या भिंतींत लिग्निन साचलेलं असतं, आणि वनस्पती लिग्निन ज्या रासायनिक वाटेने बनवते त्याच वाटेवर क्लोरोजेनिक आम्लही बनतं. एकाच कारखान्याचा माल, एक दाताला लागतो, एक तुरट.

रसाचं असं, फळ चेचलं की कप्पे एकदम फुटतात आणि तपकिरी होणं जोरात सुरू होतं. शिवाय प्रोसायनिडिन पेशीभित्तिकांना चिकटून बसतात, म्हणून गाळलं की चोथ्यात राहतात. तंतुमय भाग (१०० ग्रॅम फळात सुमारे ३ ग्रॅम) तोही चोथ्यातच. रसात काय येतं? साखर आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक गोड पदार्थ). म्हणजे पाटीवर ज्याचं नाव, तेच बहुतांशी गाळणीत अडकतं. चोथ्यासकट मिक्सरमधून काढून लगेच प्यायलात तर वेगळी गोष्ट, पण मग फोडीच खा की.

स्नेहल_तिलकनगर (इंदूर)

आर्ब्युटिन हे तर गोरेपणाच्या क्रीमवर लिहिलेलं असतं ना? मग साली चेहऱ्यावर चोळल्या तर?

मालवी_मिरची (इंदूर)

स्नेहलताई, साल चेहऱ्यावर, गर पोटात, बिया कुंडीत. वाया काहीच नाही.

प्रयोगवही (इंदूर)

हो, तेच आर्ब्युटिन. त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला ते अडवतं. पण क्रीममध्ये शुद्ध केलेलं, ठरावीक प्रमाणात असतं. साल चोळून चिकट चेहरा आणि मुंग्या, इतकंच मिळेल. 🙂

ग्वाल्हेरचे_नाना (ग्वाल्हेर)

निवृत्त डॉक्टर आहे, म्हणून ‘सगळ्यावर रामबाण’ यावर बोलतो.

‘अँटीऑक्सिडंट’ हा शब्द औषधासारखा वापरला जातो, ते मला खटकतं. १९९४ साली फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. सुमारे २९,००० धूम्रपान करणारे पुरुष, बीटा कॅरोटीन या अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या. अपेक्षा होती फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. बीटा कॅरोटीन म्हणजे नासपती नव्हे, आणि गोळी म्हणजे फळ नव्हे, हे मान्य. पण परीक्षानळीत ऑक्सिडीकरण थांबवतं म्हणून माणसाच्या शरीरात चांगलंच करेल, हा हिशेब तेव्हा आपटला. त्यानंतरही फॉरवर्ड तसेच चालू आहेत.

नासपती चांगलंच फळ आहे, त्याला कॅन्सरच्या औषधाचा दर्जा कशाला? बीपीची गोळी बंद करून नासपती खाणारे महाभाग मी ओपीडीत पाहिलेत, म्हणून कळकळीने लिहितो.

उत्सुक_उषा (इंदूर)

नाना, बरोबर. पण मग हे आकडे मोजतात कसे? पाकिटांवर ‘ओरॅक व्हॅल्यू इतकी’ असं छापलेलं असतं, ते काय?

प्रयोगवही (इंदूर)

उषाताई, हा माझा आवडता भाग.

सगळ्यात जुनी आणि रोजची पद्धत फोलिन-सिओकाल्टू. हे अभिकर्मक (तपासणीचं रसायन) १९२७ मध्ये प्रथिनांतल्या दोन अमिनो आम्लांसाठी आलं. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रोसी यांनी ते वाइनमधले फिनॉल मोजायला बसवलं. पिवळसर द्रव निळा होतो आणि तो निळा ७६५ नॅनोमीटरवर मोजतात. उत्तर ‘गॅलिक आम्लाच्या तुलनेत इतके मिलिग्रॅम’ असं येतं. अडचण अशी की क जीवनसत्त्व आणि काही साखरासुद्धा त्याला निळं करतात. पेरूसारख्या फळात १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं, तिथे हा आकडा चांगलाच फुगतो. नासपतीत ते ४-५ मिलिग्रॅम, म्हणून इथे फुगवटा कमी. ‘एकूण फिनॉलिक’ असा आकडा दिसला की तो फिनॉलिकचाच असेल असं धरून चालू नका.

दुसरी डीपीपीएच, १९५८ ची. हे एक मुक्त मूलक (फ्री रॅडिकल, अँटीऑक्सिडंट ज्याला निष्प्रभ करतं तो अस्थिर कण), मिथेनॉल या विषारी अल्कोहोलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं. त्यात अर्क घालायचा, नळीला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून अंधारात अर्धा तास ठेवायची, मग ५१७ नॅनोमीटरवर वाचायचं. मूलक निष्प्रभ झाला की जांभळ्याचा पिवळा होतो. नासपतीच्या सालीचा अर्क घातलेली नळी फॉइल सोडल्यावर पिवळट दिसायची, शेजारची गराची अजून वांगी रंगावर अडलेली. नवीन मुलांना ते बघून वाटायचं, बास, साल म्हणजे अमृत. आमच्या बाई तेव्हाच विचारायच्या, ‘मिथेनॉल पिणार आहेस का?’

कारण मुद्दा हाच आहे. फळ कोणत्या द्रावकात काढलं, पाण्यात की मिथेनॉलमध्ये, किती वेळ ठेवलं, गर ताजा होता की सुकवलेला, यावर आकडा बदलतो. फ्रॅप पद्धत (१९९६, बेंझी आणि स्ट्रेन) लोहाचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलटी क्रिया) मोजते, एबीटीएस वेगळ्या मूलकाचा रंग मोजते. एकच फळ एका पद्धतीत पहिलं, दुसरीत तिसरं येऊ शकतं.

ओरॅक ही अँटीऑक्सिडंट शक्ती परीक्षानळीत मोजायची अशीच आणखी एक पद्धत. तिचं तर असं: अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक आकड्यांची यादी प्रसिद्ध केली होती. २०१२ मध्ये त्यांनीच ती मागे घेतली. कारण दिलं ते असं, की हे आकडे जाहिरातीसाठी वापरले जाताहेत आणि माणसाच्या आरोग्यावरच्या परिणामाशी त्यांचा संबंध लावता येत नाही. तरीही पाकिटांवर ओरॅक छापतात, कारण वाचणाऱ्याला ते खातं काय म्हणालं हे कुठे माहीत असतं.

उत्सुक_उषा (इंदूर)

मग पोटात जाऊन काय होतं याचं? शोषलं जातं का?

प्रयोगवही (इंदूर)

क्लोरोजेनिक आम्लाचं पाहिलंय. ज्यांचं मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढलेलं आहे अशा लोकांना ते दिलं, तर साधारण एक तृतीयांश लहान आतड्यात शोषलं गेलं. उरलेलं पुढे जातं, निरोगी माणसात मोठ्या आतड्यातले जंतू त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात येतात. म्हणजे रक्तात फिरतो तो पदार्थ बहुतेकदा फळातला मूळ पदार्थ नसतोच. परीक्षानळीत मी ज्याचा रंग बघत होतो तो निराळा, तुमच्या रक्तात निराळा. त्यामुळे नानांचं म्हणणं रसायनशास्त्राच्या बाजूनेही बसतं.

आणि फक्त क्लोरोजेनिक आम्लच हवं असेल तर एक कप फिल्टर कॉफीत ७० ते ३५० मिलिग्रॅम असतं, बहुतेकदा एका नासपतीपेक्षा जास्त. तेव्हा कोणी कॉफीची पाटी ‘अँटीऑक्सिडंट’ म्हणून लावत नाही.

मालवी_मिरची (इंदूर)

भिया, कोणाला कल्पना देऊ नका, उद्या छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पाटी लागेल.

राजेंद्रनगरवाली (इंदूर)

सगळ्यांचे आभार. साल खायची ठरली तर फवारणीचं काय? सासूबाईंचा मुद्दा अजून अनुत्तरित आहे आणि तो मला खोटा वाटत नाही.

चोईथराम_आडत (इंदूर)

सासूबाईंचं चुकत नाही. फवारणी बागेत होतेच. आम्ही घरी फळं आधी साध्या पाण्यात भिजत घालतो, मग हातांनी नीट चोळून नळाखाली धुतो. देठाचा खळगा आणि खालची बोंडी यात धूळ साचते, ती सुरीच्या टोकाने काढून टाका.

प्रयोगवही (इंदूर)

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. दोन कीड-बुरशीनाशकं लावून फळं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवली, १२ ते १५ मिनिटांत पृष्ठभागावरची निघून गेली. नुसत्या पाण्याने किंवा ब्लीचच्या पाण्याने तितकी नाही. पण एक औषध सालीच्या आत थोडं मुरलेलं होतं, ते सोड्याने गेलं नाही. प्रयोग सफरचंदावर आहे, नासपतीवर नाही, पण साल तशीच आहे म्हणून मी घरी एक लिटर पाण्यात दोन सपाट चमचे सोडा घालून तसंच करतो. मग भरपूर धुतो, नाहीतर चव लागते. साबण नको.

आणि ज्यांना साल नकोच, त्यांनी सोलावी. फळ सोडण्यापेक्षा सोलून खाल्लेलं कधीही बरं.

राजेंद्रनगरवाली (इंदूर)

ठरलं. कडक ठिपकेवाली सोड्याने धुऊन सालीसकट, बब्बूगोशा सासूबाईंसाठी सोलून. ज्यूसच्या पाटीवाल्याकडून तीस रुपये वाचले, त्याचं लिंबू-जीरावन येईल.

एक शेवटचं. माझी दोन वर्षांची भाची बब्बूगोशा एका बैठकीत दोन-दोन संपवते आणि मग तिचं पोट बिघडतं. फळात काही खराबी असेल का?

ग्वाल्हेरचे_नाना (ग्वाल्हेर)

खराबी नाही. नासपतीत सॉर्बिटॉल असतं, १०० ग्रॅममागे सुमारे २ ग्रॅम, वर फ्रुक्टोजही जास्त. ते आतड्यात पाणी ओढून घेतात, म्हणूनच बद्धकोष्ठ असलेल्या मुलांना नासपतीचा रस मुद्दाम देतात. दोनऐवजी अर्धं फळ द्या, जेवणानंतर. त्याने थांबलं नाही, शौचात रक्त दिसलं किंवा मूल मलूल वाटलं तर इथे विचारत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बडोदेकर_मीनल (वडोदरा)

मुरंबा काढला! पोळीशी खाल्ला. रंग अजून तसाच गुलाबी आहे, नणंदेनेही दोन वाट्या नेल्या.